निरगुडी

मागील पावसाळ्यांत विद्यार्थ्यांसह ओढ्याकांठीं गेलों असतां, "येथील झाडांत निरुपयोगी कोणतें?" असें आम्हीं सहज विचारलें. मुलांनीं निरगुडीकडे बोट दाखविलें. कारण विचारतां उत्तर मिळालें, "सर, हिला शेळीसुद्धां तोंड लावीत नाहीं." उत्तर खरें आहे; परंतु त्यावरून काढलेलें अनुमान बरोबर आहे काय, हें पाहूं.

निरगुडी ही व्हायटेक्स प्रजातींतील वनस्पति होय. लिनीअसनें १७५३ सालीं तिचें शास्त्रीय नांव 'व्हायटेक्स नेगुंडो' असें ठेविलें. त्यांतील 'नेगुंडो' हें आपल्या निर्गुंडीचेंच रूप आहे. पूर्वीं तिची गणना व्हर्बिनेसी कुलांत होत असे. आतां ती, व तिच्याबरोबर सागही, तुळस-पुदिन्याच्या कुलांत गणितात. एका देंठावर तीन अथवा पांच पर्णिका असतात. त्या वरून हिरव्या व खालून पांढुरक्या. निळसर जांभळीं फुलें तुऱ्यांनीं येतात. पान चुरगळतांच उग्र वास सुटतो. ज्या पाल्यास गुरें टाळितात, तोच आपल्या आज्या किडीपासून रक्षणार्थ धान्यांत घालीत आणि सुजल्या सांध्यांस त्याचाच शेक देत.

व्हायटेक्स हें नांव विणण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलें, असें मानितात. कारण भूमध्य समुद्राकडे या प्रजातीच्या फोकांच्या टोपल्या विणीत. आपल्याकडेही निरगुडीच्या फोकांची कणगी विणून ती शेणानें सारवीत. छाटली तरी निरगुडी पुन्हां फुटते, आणि तिचीं मुळें ओढ्याची दरड धरून ठेवितात. शेळ्यांनीं खाल्ली असती, तर उघड्या माळावर ती टिकतीना.

गवतास मात्र हें संरक्षण नाहीं. त्यास माणसानेंच राखावें लागतें. आपल्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव पर्जन्यछायेंतील. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. पुढें गांवकऱ्यांनीं मोकाट चराई व वृक्षतोड बंद केली, डोंगरउतारावर समपातळींत चर खणिले, आणि उघड्या डोंगरांवर पुन्हां गवत आलें. तें गवत विळ्यानें कापून आणावें, गुरें त्यांत सोडूं नयेत, असा नियम झाला. निरगुडी जें आपल्या उग्र वासानें साधते, तें त्या गांवानें एकमतानें साधिलें.

विद्यार्थीमित्रहो, शेळी ज्यास तोंड लावीत नाहीं, तें निरुपयोगी ठरविण्यापूर्वीं त्याच्या मुळाशीं किती माती थांबली आहे, तें वांकून पाहत जा.