नुसतं फडकं?

सुट्टी संपवून पुण्याहून रात्रीच्या बसने निघालेले बहीण, मेहुणे आणि अडीच वर्षांचा भाचा बंगळूरुजवळ आनेकल तालुक्यातल्या चंदापुऱ्याच्या घरी पोचले, आणि बॅगा उघडल्यावर कळलं की दुपटं सीटवरच राहिलं. आजीच्या जुन्या नऊवारीचं, धावदोरा घालून शिवलेलं, एका कोपऱ्यात चोखून काळपट झालेलं. भाच्याने त्याचं नाव ठेवलं होतं ‘मऊ’. बसच्या ऑफिसातल्या माणसाने फोनवर दोनदा खात्री करून घेतली, ‘‘लॅपटॉप नाही? दागिना नाही? नुसतं फडकं?’’

या फडक्याची दखल शास्त्राने तशी उशिराच घेतली. डोनाल्ड विनिकॉट या लंडनच्या बालरोगतज्ज्ञाने 1951 साली आपला प्रसिद्ध निबंध मानसविश्लेषकांपुढे मांडला. आई म्हणजे आपणच नव्हे, हे बाळाला उमगू लागतं, तेव्हा मधली जागा हे चिंधूक भरून काढतं, असं त्याचं म्हणणं. ते मळलं, वास मारू लागलं तरी शहाणी आई धूत नाही, हेही त्याने टिपलं. वास गेला की वस्तूच बदलते.

मग आपल्या आज्यांना हे फारसं का दिसलं नसावं? गाद्दिनी या संशोधक दांपत्याने इटलीत केलेली पाहणी 1970 साली प्रसिद्ध झाली. खेड्यातल्या शंभर मुलांत जेमतेम पाचांची अशी लाडकी वस्तू होती, रोम शहरात एकतीस जणांची. आईच्या कुशीत झोपणाऱ्याला चिंधी कशाला? बोम्मसंद्रा, जिगणी, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नोकऱ्यांमागे आलेल्या घरांत आजी शेकडो किलोमीटरवर आणि मूल दिवसभर पाळणाघरात. तिथे जुनेराचा तुकडाच आजीचं काम करतो, असं मला वाटतं.

‘अगदी तस्संच नवीन आणू’ हा मोठ्यांचा हुकमी उपाय. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी तो 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तपासला. मुलांना सांगितलं, हे यंत्र कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल बनवतं. (यंत्र खोटं, जादूगाराच्या पेटीसारखं.) साध्या खेळण्यांची नक्कल मुलांनी खुशाल घेतली. झोपतानाची लाडकी वस्तू मात्र काहींनी यंत्रात ठेवूच दिली नाही. ज्यांनी ठेवली, त्यांतल्या बहुतेकांनी मूळचीच परत मागितली.

विनिकॉटचं आणखी एक निरीक्षण मला मोलाचं वाटतं. नेहमीच्या क्रमाने अशी वस्तू ना विसरली जाते, ना तिचा शोक होतो. तिच्यातला अर्थ हळूहळू विरतो. हरवण्यात नेमकं हेच हिरावलं जातं. सोडायचं कधी, हे मुलाने ठरवायचं असतं. इथे ते बसच्या सीटने ठरवलं.

कधी मोठेही हे ओळखतात. जानेवारी 2023 मध्ये सिकंदराबाद–आगरतळा गाडीत एकोणीस महिन्यांच्या मुलाचा खेळण्यातला ट्रक राहिला. सहप्रवाशाने रेल्वेच्या 139 या मदतक्रमांकावर कळवलं, आणि रेल्वेने आरक्षणाच्या नोंदीवरून उत्तर बंगालमधलं घर शोधून ट्रक तिथे पोचवला.

‘मऊ’ काही मिळालं नाही. आजीच्या ट्रंकेत त्याच लुगड्याचा उरलेला अर्धा भाग होता. तिने तो शिवून कुरियरने पाठवला. भाच्याने हुंगला, फेकला. ‘‘हे नको. माझं हवं.’’ बहिणीने चार रात्री तो स्वतःच्या उशाशी घेतला. पाचव्या रात्री झोपेत त्याने तो ओढून घेतला. हाक मात्र वेगळी मारतो. पहिलं ते ‘मऊ’. हे नुसतं ‘दुसरं’.