कीर्द-खतावणीची उच्चविद्या

वसई-विरार पट्ट्यातील व्यापाऱ्यांना भर दुपारी वीज जाण्याचे नवल नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते, बिल संगणकात चढत असते आणि नेमका पडदा काळा होतो. वीज परतल्यावर मालकाच्या मनात पहिली शंका येते ती ही की, साठ्यातून माल वजा झाला, पण गिऱ्हाइकाच्या नावे रक्कम चढली का? चांगल्या प्रणालीत एक तर दोन्ही नोंदी सापडतात, नाही तर एकही नाही. हे कसे साधते, याचा अभ्यास एम.टेक.च्या वर्गात होतो.

या विद्येचा पाया आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात घातला. माहिती ओळी-रकान्यांच्या साध्या तक्त्यांत मांडावी आणि ती यंत्रात कोठे ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी, हे त्यांचे प्रतिपादन. एकाच पेढीचा पत्ता दहा वह्यांत लिहिला, तर तो बदलताना एखादी वही राहूनच जाते. म्हणून प्रत्येक गोष्ट एकाच जागी नोंदवावी, हा पुढे त्यातूनच निघालेला नियम. जुन्या मुनीमजींना तो सहज पटला असता. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार लाभला.

पदवीपर्यंत विद्यार्थी हे तक्ते वापरण्यास शिकतो. पुढच्या वर्गात यंत्रच उघडले जाते. पवईच्या आयआयटी मुंबईत रिलेशनल डेटाबेस आतून कसा बांधतात, याचा स्वतंत्र पाठ्यक्रम शिकवला गेला आहे. तेथील प्रा. एस. सुदर्शन हे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक होत. पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीचा मूळ कोड वाचणे आणि त्यात फेरफार करून पाहणे, हा अशा अभ्यासाचा कठीण, पण खरा भाग.

तेथे भेटणारे एक गणित व्यापारी मनाला विशेष रुचेल. दहा तक्ते जोडून उत्तर काढायचे असेल, तर जोडणीचे क्रम १,७६४ कोटींहून अधिक होतात. त्यांतला स्वस्त क्रम निवडताना प्रत्येक वाट चालून पाहणे अशक्यच. मग लहान जोडण्यांचे हिशेब जपून ठेवून त्यांवर मोठे रचले जातात आणि काम ५९ हजारांच्या घरात येते. आयबीएममधील पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेली ही युक्ती आजही प्रचारात आहे.

आणि विजेचा प्रश्न? त्याचे उत्तर कीर्द-खतावणीच्या शिस्तीजवळचे आहे. कोणताही बदल मूळ तक्त्यात कायम करण्यापूर्वी तो एका रोजमेळात लिहून पक्का केला जातो. वीज आल्यावर प्रणाली तो रोजमेळ वाचते, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा चढवते आणि अर्धवट राहिलेले उलटवते. कागदी कीर्द असे आपोआप उलटवू शकत नाही, एवढाच भेद. व्यवहारांच्या या शास्त्राला आकार देणारे जिम ग्रे १९९८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले.

तरीही घरात प्रश्न उरतोच: अभियंता झालेला मुलगा वा मुलगी आणखी दोन वर्षे शिकत बसली, तर गादी कोणी सांभाळायची? दुकानाचे सॉफ्टवेअर चालवण्यापुरते हे शिक्षण मुळीच लागत नाही, हे आधी मान्य करावे. बँका, गोदामे आणि पेढ्या ज्या प्रणालींवर चालतात, त्या घडवण्याची ओढ असेल, तरच ही दोन वर्षे सार्थकी लागतात. शिवाय पवई नकाशावर जवळ दिसली, तरी विरार लोकलच्या गर्दीत रोज ये-जा करून हा अभ्यास पेलणे अवघड. वसतिगृहाचा विचार करावा लागतो. गेट परीक्षेचे गुण मात्र तीन वर्षे ग्राह्य असतात. तेवढ्या अवधीत वर्षभर दुकानात बसून पाहण्यास हरकत नाही.

ओढ पारखण्यास खर्चही नाही. पोस्टग्रेस विनामूल्य मिळते. घरच्या जुन्या संगणकावर दुकानाच्या विक्रीचे दोन तक्ते करावेत, व्यवहार अर्ध्यावर असतानाच संगणक बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा. नाहीशा झालेल्या त्या ओळीमागे मूल रात्री जेवण विसरून लागले, तर वडिलांनी गेटच्या अर्जाची तारीख पाहून ठेवावी.