चार रंग, चार सूर आणि आजीचा हायस्कोअर

वीकेंडला मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या चार पिढ्या एका गोल डबड्याभोवती बसतील? आमच्याकडे बसल्या!

शनिवारची रात्र. पिझ्झा संपलेला, सीरिजचा सीझनही संपलेला, आणि दादाचा आठ वर्षांचा मुलगा ‘आत्या, बोअर होतंय’चा जप करतोय. अशा वेळी माळ्यावरची खोकी उघडायची बुद्धी कुणाला होते? मला झाली. त्यात सापडला काळ्या प्लॅस्टिकचा एक गोल डबा. पुरणपोळीएवढा. वर हिरवी, लाल, पिवळी आणि निळी अशी चार मोठ्ठी बटणं. न्यू जर्सीच्या काकाने १९८०च्या दशकात पहिल्यांदा भारतात येताना आणलेला ‘सायमन’!

पोटात टॉर्चचे दोन जाडजूड सेल आणि एक नऊ व्होल्टचा चौकोनी सेल घातला (किराणावाल्याने माझ्याकडे ‘कुठल्या जमान्यातून आलात’ अशा नजरेने बघितलं), स्विच सरकवला आणि... लाल दिवा लागला. सूर वाजला. चाळीसेक वर्षं झोपलेला प्राणी जागा झाला होता.

खेळ एकदम सोपा. मशिन एक रंग दाखवतं, तुम्ही तो दाबायचा. मग ते तोच रंग दाखवून पुढे आणखी एक जोडतं. मग तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सगळी साखळी परत करायची. चुकलात की ‘ब्वाँऽऽ’ असा अपमानास्पद आवाज. सगळ्यात वरच्या लेव्हलला ३१ टप्पे असतात. मी नवव्यावर आडवी झाले. दादा आठव्यावर. पोरगा अकरावर पोचला आणि त्याने जो डान्स केला, त्याचा व्हिडिओ आता सगळ्या ग्रुप्सवर फिरतोय.

आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होती. तिने नाव विचारलं. सायमन, म्हटलं. “म्हणजे तोच ना, परत जा म्हणून काळे झेंडे दाखवले होते तो?” आम्ही खो खो हसलो. १९२८चा सायमन कमिशनवरचा बहिष्कार तिला शाळेच्या इतिहासातला अजून आठवत होता. सकाळी गॅस बंद केला की नाही, ते मात्र आठवत नव्हतं. पण ते नंतर सांगते.

चोरावर मोर?

आधी या डब्याची गोष्ट ऐका, कारण ती कुठल्याही स्टार्टअपच्या पिचपेक्षा भारी आहे. राल्फ बेअर हा १९२२मध्ये जर्मनीत जन्मलेला ज्यू मुलगा. नाझींच्या राज्यातून १९३८मध्ये कुटुंबासकट निसटून अमेरिकेत आला, टपालाने कोर्स करून रेडिओ दुरुस्ती शिकला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात गेला. पुढे संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर झाला. १९६६मध्ये त्याच्या डोक्यात आलं, की घरातल्या टीव्हीवर नुसतं बघायचंच का? खेळायचं का नाही? त्यातून १९७२मध्ये ‘मॅग्नवॉक्स ओडिसी’ हा घरी खेळायचा पहिला व्हिडिओ गेम बाजारात आला.

त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका डेमोला नोलन बुशनेल नावाचा तरुण आला, ओडिसीचं टेबल टेनिस बघून गेला आणि त्याच्या ‘अटारी’ कंपनीने काही महिन्यांत ‘पाँग’ काढला. तुफान चालला! मॅग्नवॉक्सने दावा ठोकला. १९७६मध्ये तडजोड झाली आणि अटारीने लायसन्सचे पैसे मोजले.

आता ट्विस्ट. त्याच १९७६मध्ये शिकागोच्या एका ट्रेड शोमध्ये बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांना अटारीचं एक नाणं टाकून खेळायचं मशिन दिसलं. नाव ‘टच मी’. मॉरिसन हा मार्व्हिन ग्लास या शिकागोतल्या नामांकित टॉय डिझाइन कंपनीतला. ‘टच मी’मध्ये चार बटणं होती, दिवे होते आणि साखळी लक्षात ठेवायची होती. म्हणजे खेळ हाच! १९७४मध्ये आलेलं हे मशिन कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नव्हतं. बेअरचं मत पडलं, की कल्पना झकास आहे, पण दिसायला कंटाळवाणं आणि आवाज तर कानाला ओरखडे काढणारा.

मग या दोघांनी काय केलं? सरळ तीच कल्पना उचलली आणि नीट करून दाखवली. ज्याची आयडिया अटारीने उचलली होती, त्यानेच अटारीची आयडिया उचलली! फिट्टंफाट. हे बरोबर की चूक, यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये आमचा तासभर वाद झाला. माझं म्हणणं विचाराल तर, कल्पना कुणालाही सुचते, ती नीट करायला घाम लागतो. (आमच्या लीगल टीममधल्या मैत्रिणीने यावर माझ्याशी बोलणं सोडलंय.)

आणि घाम कशात गाळला? तर आवाजात. बेअरला असे चार सूर हवे होते, जे कुठल्याही क्रमाने वाजले तरी गोड वाटतील. साखळी तर मशिन मनाला येईल तशी जोडणार, पुढचा सूर कुठला हे कुणालाच माहीत नसणार. त्याने मुलांचा एनसायक्लोपीडिया उघडला आणि त्याला उत्तर सापडलं बिगुलमध्ये. शिपायाच्या साध्या बिगुलला बटणं नसतात. त्यातून मोजकेच सूर निघतात आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत. झालं, ठरलं.

प्रोग्राम लिहिला लेनी कोप याने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी जागा होती अवघी १ किलोबाइट. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारं फुलांचं ‘सुप्रभात’ याच्या कित्येक पट मोठं असतं! मिल्टन ब्रॅडली कंपनीने मे १९७८मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ या त्या वेळच्या सगळ्यात हॉट डिस्कोथेकमध्ये सायमन लाँच केला. किंमत २४.९५ डॉलर. त्या ख्रिसमसला दुकानांमध्ये त्याची झुंबड उडाली. त्याच वर्षी अटारीनेही ‘टच मी’ची हातात मावणारी आवृत्ती काढली. पण नाव झालं ते सायमनचंच.

“हे तर प सा ग प!”

तर, आमची शनिवार रात्र. पोरगा विसाव्यांदा खेळत होता. आजीने अचानक मान वर केली. “अरे, हे तर प सा ग प आहे. खालचा प, मग सा, ग आणि वरचा प.”

आजीने तीस वर्षं पेटी शिकवली आहे. हे ऐकताना माझ्या डोक्यात बेअरचा बिगुल वाजला. त्याचे ते चार सूर म्हणजे खरंच मंद्र पंचम, षड्ज, शुद्ध गंधार आणि मध्य पंचम. एकही विवादी नाही. यातले कुठलेही कसेही लावा, कान तक्रार करत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आजीला रंग नीट उमगत नाहीत. तिने रंगांचा नादच सोडला. पणतवाला चारही बटणं एकदा ओळीने वाजवायला सांगितली, कुठला सूर कुठल्या जागी ते बोटांनी चाचपून घेतलं, आणि डोळे मिटून खेळायला बसली. मशिन वाजवायचं, ती ओठांतल्या ओठांत ‘सा सा प ग’ म्हणायची, बोटं जायची. आठ. दहा. अकरा! पोराचा चेहरा बघण्यासारखा. चौदाव्याला ती थांबली, तीही चुकून नाही. चहा हवा होता म्हणून!

आमची नऊवर दांडी का उडते, याचं उत्तर १९५६पासून प्रसिद्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी त्या वर्षीच्या लेखात मांडलं, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरतो, दोन इकडे-तिकडे. पण सुट्या गोष्टींचे गठ्ठे बांधता आले, तर आकडा वाढतो. आम्ही ‘लाल, लाल, निळा, पिवळा’ असे सुटे दाणे वेचत होतो. आजीच्या डोक्यात तानेचा तुकडा तयार होत होता. तबलजी सोळा मात्रांचा तीनताल चार विभागांत धरून ठेवतो, तसंच.

चहा झाला. आजीने कप खाली ठेवला, डब्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे काय नवीन आणलंस गं?”

घरात एकदम शांत झालं. गेलं वर्षभर आम्ही हे टाळतोय. मला काकाच्या नावाने हाक मारणं, कुकरच्या शिट्ट्या, तोच प्रश्न तिसऱ्यांदा. ‘वय झालं’ म्हणून पुढे जायचं. बाबा तर विषय निघाला की गॅलरीत जातात. त्या रात्री ते गॅलरीत गेले नाहीत. पोराने मात्र काहीच न झाल्यासारखं सांगितलं, “पणजी, हा सायमन.” आणि ती म्हणाली, “तोच का, परत जा म्हटलेला?”

सोमवारी मी रजा टाकली आणि आजीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाबाही आले. तपासण्या सुरू आहेत. खेळाबद्दल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की जरूर खेळू द्या, आनंद मिळतो, पण याला औषध समजू नका. आणि ते खरंच आहे. ‘मेंदू तल्लख करा’ छापाच्या जाहिरातींना भुलू नका. अमेरिकेत २०१६मध्ये ‘लुमॉसिटी’ या ब्रेन गेमवाल्या कंपनीला असल्याच दाव्यांपायी २० लाख डॉलर भरावे लागले होते. सायमन खेळून माणूस मुख्यतः सायमन खेळण्यात पटाईत होतो. संगीताची आठवण मात्र बाकीच्या आठवणींपेक्षा बरेचदा जास्त टिकते, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. आजीची पेटी आता माळ्यावरून खाली आली आहे.

तुम्हाला घरी खेळायचा असेल तर जुना डबाच हवा असं नाही. मिल्टन ब्रॅडली १९८४मध्ये हॅस्ब्रोकडे गेली आणि त्यानंतरही सायमनचे नवनवे अवतार निघत राहिले. फोनवरही असले गेम पैशाला पासरी आहेत. पण फोन एकाच्या हातात असतो. हा डबा जमिनीवर मधोमध ठेवायचा असतो. आणखी एक, आवाज बंद करून एकदा खेळून बघा. आमच्या सगळ्यांचे स्कोअर धडाधड खाली आले.

काल न्यू जर्सीहून काकाचा व्हिडिओ कॉल आला. डबा बघून तो उडालाच. म्हणे, मी यावर ३१ पूर्ण केले होते! बाबा लगेच म्हणाले, पुरावा दाखव. पुरावा कुठला? या मशिनवर सगळ्यात लांब साखळी परत वाजवून दाखवणारं बटण आहे, पण स्विच बंद केला की ते सगळं विसरतं.

आजीने फोन हातात घेतला. “एकतीस? तू? अरे, तुला पेटीवर साधा सारेगम धड वाजवता येत नव्हता.”

काका गप्प. पोरगा लोळून हसतोय. आणि बाबा नवे सेल आणायला खाली गेलेत.