प्रकाशाचा निर्णय कोणाचा?

कोलकात्यातील एका टॅक्सीत कोणीतरी आपला कॅमेरा विसरून गेले. एका मित्राच्या हातून तो निमाई घोष यांच्याकडे आला. घोष तेव्हा रंगभूमीवरील नट होते. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तोच कॅमेरा घेऊन ते सत्यजित राय यांच्या ‘गूपी गाईन बाघा बाईन’ (1969) या चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी गेले, आणि 1992 मध्ये राय यांचे निधन होईपर्यंत त्यांना टिपत राहिले. घोष 2020 मध्ये निवर्तले. त्यांनी घेतलेल्या राय यांच्या छायाचित्रांची संख्या 90,000 च्या घरात सांगितली जाते.

तो कॅमेरा होता कॅनोनेट क्यूएल-17. त्याच्या भिंगावरील एका कड्यावर ‘ए’ हे अक्षर कोरलेले असे. या एका अक्षरामागे काय दडले आहे, ते पाहू.

छायाचित्र म्हणजे फिल्मवर पडलेल्या प्रकाशाची नोंद. प्रकाश कमी पडला तर चित्र काळवंडते, अधिक पडला तर पांढरेफटक होते. हे प्रमाण दोन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगातील छिद्र किती मोठे आहे, आणि शटर किती वेळ उघडे राहते. नळाखाली बादली भरताना तोटी पूर्ण उघडली तर थोडा वेळ पुरतो; धार बारीक ठेवली तर जास्त वेळ लागतो. बादली दोन्ही वेळा तितकीच भरते. तसेच 1/125 सेकंद व छिद्राचा आकडा 8, किंवा 1/60 सेकंद व आकडा 11, या दोन्ही जोड्या फिल्मला जवळजवळ सारखाच प्रकाश देतात. (आकडा वाढला की छिद्र लहान होते. प्रत्येक नवशिका येथे एकदा तरी फसतो!) मात्र चित्र सारखे येत नाही. शटर संथ असेल तर धावणारे मूल पुसट उमटते. छिद्र लहान असेल तर जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते.

कडे ‘ए’वर असले की छायाचित्रकाराने फक्त शटरचा वेग निवडायचा. भिंगाजवळचा प्रकाशसंवेदी घटक उजेड मोजतो आणि छिद्र कॅमेराच ठरवतो. घाईच्या प्रसंगी ही सोय अमोल आहे. उन्हातली मिरवणूक टिपताना कोण आकडेमोड करीत बसेल?

परंतु मीटर उजेड मोजतो, त्याला विषय कळत नाही. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो गृहीत धरतो. उत्तर कोलकात्यातील कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडवल्या जातात. तेथील एखाद्या अंधाऱ्या कार्यशाळेच्या दारात कारागीर बसला आहे आणि त्याच्या पाठीमागे उन्हाने उजळलेली गल्ली आहे, अशी कल्पना करा. कॅमेरा गल्लीचा उजेड मोजून छिद्र बारीक करतो. गल्ली सुरेख उमटते, पण कारागिराचा चेहरा काळा ठिक्कर पडतो. आपल्याला तर तोच हवा होता! अशा वेळी कडे ‘ए’वरून हलवून छिद्र दोन पायऱ्यांनी मोठे करावे लागते. गल्ली पांढरी पडेल, पडू द्यावी. काय गमवायचे हे माणसानेच ठरवायचे असते.

दुसरी अडचण अपुऱ्या उजेडाची. निवडलेल्या वेगाला प्रकाश पुरेसा नसेल, तर स्वयंचलित पद्धतीत कॅनोनेटचे बटण दबतच नाही. चूक टळते, हे खरे. पण क्षणही निसटतो. घोष फ्लॅश न वापरता उपलब्ध प्रकाशातच काम करीत. चित्रपटासाठी विचारपूर्वक रचलेल्या प्रकाशात फ्लॅशचा लखलखाट झाला, तर ती रचनाच चित्रातून नाहीशी होते. मंद उजेडात उपाय उरतो तो हाताचा : भिंगाचे छिद्र 1.7 पर्यंत पूर्ण उघडायचे (नावातील 17 तो हाच), शटर 1/15 सेकंदावर आणायचे, कोपर छातीशी घट्ट धरायचे आणि श्वास रोखून बटण दाबायचे.

त्या काळी एका रोलमध्ये बहुधा 36 चित्रे मावत. आपला अंदाज बरोबर होता की चुकला, हे रोल धुऊन निगेटिव्ह उजेडासमोर धरल्यावरच समजे. तोपर्यंत चित्रीकरण उरकून मंडळी पुढच्या गावी गेलेली असत.