कृष्णेचा पूर, आकाशातले ढग आणि डब्याएवढा उपग्रह

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. आजचा विषय आहे छोटे उपग्रह. पण सुरुवात सांगलीपासून करतो.

ऑगस्ट २०१९. मी नुकताच बी.टेक. होऊन पुण्यात नोकरीला लागलो होतो. घर सांगलीत, मामा कऱ्हाडला. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि वरचा सगळा पाऊस खाली आमच्याकडे येतो, हे सांगलीतल्या पोरांना लहानपणापासून पाठ असतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, मला घरी जाता येईना. दर तासाला आईला फोन, "पाणी कुठवर आलं गं?" रात्री तिचा फोनही बंद झाला. म्हटलं, आपण इंजिनिअर, सॅटेलाइट फोटो बघू. बघतो तर सगळं पांढरंफेक. नुसते ढग!

आपले एवढे उपग्रह वर फिरतायत, मग मला माझी गल्ली का दिसत नाही? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. त्याची उत्तरं दोन आहेत.

पहिलं उत्तर ढगांचं. साधा कॅमेरा ढगांपलीकडे बघू शकत नाही, आणि पूर येतो तो पावसाळ्यातच. त्यावर उपाय रडार. रडारवाला उपग्रह स्वतःच रेडिओ लहरी सोडतो. त्या ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात. उपग्रह त्या तिरक्या सोडतो. जमिनीवर, झाडांवर, घरांवर आपटून त्यातल्या काही परत येतात. साचलेलं पाणी मात्र आरशासारखं वागतं, लहरी दुसरीकडेच फेकून देतं. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. पुराचा नकाशा करायचा म्हणजे मुळात हा काळा भाग मोजायचा.

दुसरं उत्तर वेळेचं. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतो. पण तेवढ्यात खाली पृथ्वी फिरलेली असते, त्यामुळे पुढच्या फेरीला सांगली खाली नसते. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह दोन टनांहून जड आहे. नेमक्या त्याच मार्गावर परत यायला त्याला १२ दिवस लागतात. कृष्णेचं पाणी काय १२ दिवस थांबणार आहे? म्हणजे एक मोठा उपग्रह पुरत नाही, पुष्कळ लागतात. आणि पुष्कळ हवे असतील तर ते लहान आणि स्वस्तच असायला हवेत.

लहान म्हणजे किती? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी, विद्यार्थ्यांसाठी एक माप ठरवलं: १० सेंटिमीटरचा घन. त्याचं नाव क्यूबसॅट. माप ठरलं की सगळं सोपं होतं. कोणत्याही देशातल्या कॉलेजने बनवलेला डबा कोणत्याही रॉकेटमधल्या खोक्यात बसतो.

असा एक डबा आपल्या पुण्यात बनलाय. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये 'स्वयम्'चं काम सुरू केलं. सुरू करणारे पास होऊन गेले, ज्युनिअर आले, तेही गेले. अखेर २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ मधून तो गेला. वजन जेमतेम एक किलो. अवकाशात दिशा धरायला त्यात मोटर नव्हती, चुंबक होतं. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळते, तसा तो जुळायचा.

त्या रॉकेटमध्ये एकूण २० उपग्रह होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वडाप! अख्खी गाडी करायची ऐपत नाही, मग सीट शेअर करायची. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सने एका फेरीत १४३ उपग्रह नेले. केनियाचा ताइफा-१ एप्रिल २०२३ मध्ये असाच सीट घेऊन गेला. नेपाळ आणि श्रीलंकेचे पहिले क्यूबसॅट २०१९ मध्ये गेले. ते त्यांच्याच इंजिनिअरांनी जपानच्या क्युशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून बनवले होते. भूतानचे इंजिनिअर बंगळुरूला येऊन शिकले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत-भूतानचा उपग्रह पीएसएलव्हीने नेला.

आता तुम्ही म्हणाल, एक किलोच्या डब्याने सांगलीचा पूर दिसेल का? नाही. रडारला वीज आणि मोठा अँटेना लागतो, तो त्या डब्यात मावत नाही. पण जानेवारी २०१८ मध्ये श्रीहरिकोटाहून फिनलंडच्या आइसआय कंपनीचा १०० किलोपेक्षा हलका रडार उपग्रह गेला. पीएसएलव्हीच्याच वडापमधून! पुढे त्यांनी असे अनेक सोडले. पुरासाठी हवे होते ते 'पुष्कळ' आता जमायला लागलेत.

मग गरीब देशांचं काम झालं का? इथे मला सावध राहावंसं वाटतं. सीट स्वस्त झाली, पण चित्र ज्याच्या मालकीचं, तो ते विकतो. स्वतःचा उपग्रह किंवा निदान ती चित्रं वाचणारी स्वतःची माणसं नसतील, तर आपण फक्त गिऱ्हाईक. म्हणून माझ्या मते 'स्वयम्'ची खरी कमाई म्हणजे त्यावर शिकलेली पोरं.

आणि वर डोळा असून भागत नाही. हैदराबादचं एनआरएससी पुराचे नकाशे काढतं. पण जिल्ह्याचा नकाशा आणि "आज रात्री तुमच्या गल्लीत पाणी येईल" हा मेसेज, यांत बरंच अंतर आहे. ते अंतर रॉकेटने कापता येत नाही. तिथे कोड लागतो, गावाची माहिती लागते, म्हणजे तुम्ही-आम्ही लागतो.

सुरुवात फुकटात होते. सेंटिनेल-१ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर मोफत आहेत. आपलं गाव शोधा, उन्हाळ्यातली एक तारीख निवडा, पावसाळ्यातली एक निवडा आणि काळा भाग किती वाढला ते बघा. मी ऑगस्ट २०१९ चं चित्र आईला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे तेव्हा आदल्या दिवशी फोनवर आलं असतं, तर निदान सामान तरी माडीवर नेलं असतं."

तिला हवं ते चित्र वेळेत पोचवणं, एवढंच काम उरलंय. करून बघा, अडलात तर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!