गावच्या घरी इंटरनेट रांगते कशामुळे?

टॉवर, तार, भिंत की रिचार्ज? दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्याचा क्रम

प्रतिनिधी

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या अनेकांचे एक घर अजूनही गावी असते. तिथे आई-वडील राहतात, गणपतीत आणि मे महिन्यात मुलाबाळांचा राबता असतो. करोनाच्या साथीनंतर, म्हणजे २०२० पासून, काही जण लॅपटॉप घेऊन गावाहूनच कार्यालयीन काम करू लागले. टाळेबंदीच्या त्या महिन्यांत ऑनलाइन वर्गांसाठी डोंगरमाथ्यावर झोपडी उभारून बसणाऱ्या कोकणातल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून साऱ्यांनी पाहिली. त्यानंतर गावोगावी फायबरच्या तारा पोहोचल्या, टॉवरही वाढले. तरीही ‘गावाला नेट चालत नाही’ ही तक्रार संपलेली नाही.

ही तक्रार आता केवळ करमणुकीपुरती उरलेली नाही. राज्यात २०२१ पासून शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून ‘ई-पीक पाहणी’द्वारे करावी लागते. ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेमुळे डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळू शकतो, पण त्यासाठी समोरच्याचा चेहरा आणि आवाज नीट पोहोचावा लागतो. परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी अडकला, तर वर्ष वाया जाण्याची भीती असते. त्यामुळे मंदावलेल्या इंटरनेटचे कारण शोधणे हे गावात ठेवलेल्या घराच्या देखभालीचाच भाग झाले आहे.

अडचण अशी की, ‘नेट स्लो आहे’ या एका वाक्यात पाच-सहा निरनिराळे दोष दडलेले असतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो आणि चुकीच्या ठिकाणी केलेला खर्च वाया जातो. दोष भिंतीत असताना महागडा प्लॅन घेतला किंवा दोष टॉवरमध्ये असताना नवा राउटर आणला, तर फरक पडत नाही. म्हणून शोध घराच्या आतून सुरू करावा आणि एकेक टप्पा ओलांडत बाहेर जावे.

प्रथम मोजमाप

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १६ एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त दोन मेगाबाइट माहिती उतरते. हे लक्षात न घेतल्याने पुष्कळदा ठीक चाललेली जोडणीही संथ वाटते.

वेग मोजताना तीन आकडे टिपावेत. माहिती उतरण्याचा वेग, माहिती वर पाठवण्याचा वेग आणि ‘पिंग’, म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत लागलेला वेळ. चित्रपट पाहण्यासाठी पहिला आकडा महत्त्वाचा असतो. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र उरलेले दोन आकडे निर्णायक ठरतात. आपला चेहरा समोरच्याला दिसत नसेल, तर माहिती वर पाठवण्याचा वेग अपुरा असण्याची शक्यता अधिक असते.

ही मोजणी दिवसातून निदान दोनदा करावी, एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास. पहाटे वेग भरपूर आणि रात्री अगदी थोडा असेल, तर घरातील यंत्रणेत दोष असण्याची शक्यता कमी. गावातले सगळे एकाच वेळी एकच वाट वापरत असल्याची ती खूण आहे. दोन्ही वेळा वेग सारखाच कमी असेल, तर दोष बहुधा घरात, तारेत किंवा संदेशाच्या क्षमतेत असतो. सरकारी व्याख्येनुसार भारतात २००४ मध्ये २५६ केबीपीएस आणि त्याहून अधिक वेगाला ब्रॉडबँड म्हटले जाई. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये दोन एमबीपीएस झाली.

भिंती आणि पत्रे

वाय-फायचा वेग आणि इंटरनेटचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक ओळखण्याची चाचणी सोपी आहे. लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तार नसल्यास राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहून मोजावा. तिथे वेग चांगला आणि मागच्या खोलीत वाईट असेल, तर कंपनीला दोष देण्याचे कारण नाही.

गावची घरे शहरातल्या सदनिकांसारखी नसतात. कोकणात जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात. देशावर दगडमातीचे जुने वाडे आणि छतावर पत्रे असतात. पत्र्यावरून रेडिओलहरी परावर्तित होतात, तर जाड दगडी भिंत त्या शोषून घेते. पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा हा शोष आणखी वाढतो. त्यातच तार जिथून घरात आली तिथेच, म्हणजे ओटीच्या एका कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या मागे, राउटर ठेवण्याची पद्धत आहे. तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवला, तरी फरक जाणवतो.

बहुतेक नव्या राउटरमधून वाय-फायच्या दोन लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतींतून अधिक आत जाते, पण तिचा वेग कमी असतो. पाच गिगाहर्ट्‌झची वेगवान असते, पण एखाद-दुसऱ्या जाड भिंतीत तिचा दम संपतो. राउटरच्या खोलीत पाच आणि लांबच्या खोलीत २.४ निवडणे श्रेयस्कर. घर चौसोपी किंवा लांबट असेल, तर साध्या नेटवर्क तारेने दुसऱ्या टोकाला आणखी एक राउटर जोडणे हा खात्रीचा उपाय ठरतो. ही तार शंभर मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. परसातल्या खोलीसाठीही ती पुरेशी आहे.

डेटा खाणारे अदृश्य पाहुणे

मोबाइलच्या रिचार्जवर दिवसाला ठरावीक जीबी मिळतात. ते संपले की जोडणी बंद पडत नाही, वेग मात्र ६४ केबीपीएस किंवा त्याच्या आसपास येतो. त्या वेगाने तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र उतरायला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. घरातील ज्येष्ठांना मर्यादा संपल्याचा इंग्रजी संदेश वाचायचे सुचत नाही. ‘संध्याकाळी नेट जाते’ या त्यांच्या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. कंपनीच्या ॲपमध्ये उरलेला डेटा पाहिला की शंका फिटते.

डेटा खाणारे इतरही असतात. फोनमधील छायाचित्रे आपोआप साठवून ठेवणारी सेवा, व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणाऱ्या चित्रफिती, लॅपटॉपची अद्ययावतीकरणे आणि अंगणातल्या कॅमेऱ्याचे दिवसरात्र वर जाणारे चित्रण. शेवटचे विशेष त्रासदायक असते. माहिती वर पाठवण्याची वाट त्याने भरून जाते आणि मग उतरणारी माहितीही अडखळते. सुट्टीत दहा माणसे एकदम घरी आली आणि त्यांचे फोन दिवसभराची छायाचित्रे पाठवू लागले, तर हेच घडते. सगळी उपकरणे बंद करून केवळ एकावर वेग मोजला, की पाहुण्यांचा वाटा स्पष्ट होतो.

फायबर असेल तर

फायबरच्या तारेतून वीज न जाता प्रकाश जातो. घरातल्या पेटीवर ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल, तर प्रकाश पोहोचत आहे. ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला, तर प्रकाश तुटला आहे आणि राउटर बंद-चालू करून काही साधणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये अर्धवट दुखणी असतात. तार तुटलेली नसते, पण खिळ्याला घट्ट बांधलेली किंवा दाराच्या फटीत दुमडलेली असते. काटकोनात वळलेल्या तारेतून प्रकाश बाहेर सांडतो. माकडांनी कुरतडलेल्या किंवा फांदीने घासलेल्या तारेचेही तसेच होते.

प्रकाशाची पातळी अनेक पेट्यांच्या अंतर्गत पानावर दिसते. ती सर्वसाधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते. आकडा उणे २७ च्या जवळ गेला असेल, तर जोडणी अधूनमधून तुटणार हे ठरलेले. तंत्रज्ञ आल्यावर हा आकडा विचारावा. ‘लाइन ओके आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये.

प्रकाश उत्तम असूनही रात्रीच वेग घसरत असेल, तर प्रश्न पुढचा आहे. एका मुख्य तारेची सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, जी सहसा पुरते. मात्र स्थानिक केबलचालकाने पुढच्या मोठ्या कंपनीकडून किती क्षमता विकत घेतली आहे, यावर सारे अवलंबून असते. गावात जोडण्या वाढल्या आणि विकत घेतलेली क्षमता तेवढीच राहिली, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

टॉवरवर भिस्त असेल तर

फोनवरील दांड्यांवर विसंबू नये. त्यांचे प्रमाण प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलेले असते. फोनच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या मोफत ॲपमध्ये संदेशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. फोरजीसाठी उणे ९० च्या आसपासचा आकडा चांगला, उणे ११० च्या पलीकडचा क्षीण समजावा. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. त्यामुळे माजघरातून माडीवरच्या खिडकीत आल्यावर आकडा उणे ११० वरून उणे १०० झाला, तरी तो मोठा लाभ आहे. घरभर फिरून, टॉवरच्या दिशेची जागा शोधून मोबाइल राउटर तिथेच ठेवावा आणि आतल्या खोल्यांकडे तार न्यावी.

७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर आणि घरात आतपर्यंत पोहोचतात, पण त्यांच्यात गर्दी लवकर होते. २३०० च्या लहरीत जागा जास्त, पोहोच कमी. फाइव्हजीची खूण दिसते पण काम होत नाही, अशा ठिकाणी फोन फोरजीवरच ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. दुसऱ्या कंपनीचे सिम आठवडाभर वापरून पाहणे हीदेखील स्वस्त चाचणी आहे. डोंगराआड एका कंपनीचा टॉवर लपलेला असतो, तर दुसरीचा समोर दिसत असतो.

बाहेरची अँटेना जोडता येणारा राउटर घेऊन ती छपरावर टॉवरच्या दिशेने बसवणे कायदेशीर आणि परिणामकारक आहे. बाजारात सर्रास विकले जाणारे ‘सिग्नल बूस्टर’ मात्र परवानगीशिवाय बसवणे गुन्हा ठरते. एका घरातला बूस्टर अवघ्या वाडीच्या नेटवर्कमध्ये गोंगाट निर्माण करू शकतो.

वीज, पाऊस आणि खोदकाम

भारनियमनात घरातील पेटी बंद पडते, पण फायबरमध्ये प्रकाश असतोच. पेटीपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस काही तास काम भागवतो. टॉवरची बॅटरी जुनी असेल, तर वीज गेल्यावर काही वेळाने नेटवर्क जाते. त्यावर घरात उपाय नाही. वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की राउटरचा प्लग आणि अँटेनाची तार काढून ठेवावी.

रस्ता रुंदीकरणातील जेसीबी हा फायबरचा मोठा शत्रू. खोदण्याआधी तारांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. ग्रामपंचायतीने कंत्राटदाराला त्याचा वापर करायला लावले, तर गावाचे अनेक दिवस वाचू शकतात.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. सुरुवातीच्या रचनेत गावे बहुतांशी एका माळेत ओवलेली होती. मध्येच तार तुटली की पुढची सगळी गावे अंधारात जात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात माळेऐवजी वर्तुळाची रचना स्वीकारण्यात आली. एका बाजूने वाट बंद झाली, तर दुसऱ्या बाजूने माहिती फिरून येते. तथापि ग्रामपंचायत कार्यालयात फायबर आले म्हणजे ते वाडीवरच्या घरात आले असे होत नाही. तो शेवटचा टप्पा कोण जोडणार, हा प्रश्न ग्रामसभेतच विचारावा लागतो.

उपग्रहाचा पर्याय दुर्गम घरांसाठी आहे. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या जुन्या पद्धतीच्या उपग्रहामुळे प्रश्नोत्तरात अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो आणि बोलणे अडखळते. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांत ही उणीव राहत नाही. मात्र डोक्यावर मोकळे आकाश हवे. माडा-पोफळीच्या दाट बागेत तेही सोपे नसते.

तक्रार करताना

इतके केल्यावर दोष घराबाहेर आहे हे सिद्ध होते, आणि तेव्हाच तक्रारीला वजन येते. आठवडाभराच्या नोंदींत तारीख, वेळ, तिन्ही आकडे, डीबीएम आणि राउटरजवळची मोजणी असावी. १९८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर सेवेच्या व्याप्तीचा नकाशा देणे बंधनकारक आहे. नकाशात गाव रंगवलेले असेल आणि घरात संदेश नसेल, तर तो नकाशा तक्रारीला जोडावा.

एका घराची तक्रार ‘वैयक्तिक अडचण’ म्हणून बाजूला पडू शकते. वीस घरांच्या सारख्या नोंदी सरपंचांच्या पत्रासह गेल्या, तर टॉवरची क्षमता वाढवण्याचा विषय कंपनीला कागदावर घ्यावा लागतो. गावच्या सुट्टीवर गेलेल्या शहरवासीयांना हे काम सहज करण्यासारखे आहे. चार दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वेग मोजून एक तक्ता तयार केला, तर ते परतल्यावरही मागे राहणाऱ्यांच्या हाती काही पुरावा उरेल. वर्षाचे उरलेले अकरा महिने त्या जोडणीवर अवलंबून असतात ते हेच लोक.