फ्लॅश कुठवर पोचतो?

खिशातला रोल-कॅमेरा : लेखांक ७

लखनौच्या गोमती नगरात, विपिन खंडात, उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचं आवार आहे आणि तिथल्या प्रेक्षागृहाला संत गाडगे महाराजांचं नाव आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा इथे असे अचानक भेटतात. (गोमती नगरातल्या बहुतेक खंडांची नावं ‘वि’वरून : विपिन, विभूती, विराम, विनय, विशाल, विवेक. नवख्याला पत्ता सापडेपर्यंत नाटकाचा पहिला अंक उरकलेला असतो.) कथकचा कार्यक्रम असला की मागच्या कुठल्यातरी रांगेतून फ्लॅश चमकतोच. हल्ली तो अधूनमधून रोलच्या कॅमेऱ्याचा असतो, कारण आईबाबांच्या कपाटातले ऑलिंपस, याशिका आणि कोडॅक घेऊन विशीतली मुलं पुन्हा फिरायला लागली आहेत. त्या फोटोत काय येणार हे रोल धुवायच्या आधीच सांगता येतं. पुढच्या रांगेतली पांढरीफटक डोकी येणार, पलीकडे काळोख येणार आणि त्या काळोखात कुठेतरी नर्तकीचा करडा ठिपका.

मागच्या आठवड्यात फिल्मच्या वेगाचं, म्हणजे आयएसओचं पाहिलं. आज फ्लॅश. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या या इवल्या दिव्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की तो रात्रीसाठी असतो. माझ्या मते तो जवळच्यासाठी असतो, आणि त्याचा सगळ्यात चांगला उपयोग भर दिवसा होतो.

आधी प्रेक्षागृहातला घोळ निस्तरू. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथा हिस्सा होतो, चौपट झालं की सोळावा. समोरच्या माणसाचं डोकं कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि नर्तकी १६ मीटरवर, असं धरा. एकाच फ्लॅशचा उजेड डोक्यावर नर्तकीपेक्षा २५६ पट पडतो. हा फरक कुठलीच फिल्म सांभाळू शकत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या माणसालाही तो दुरुस्त करता येत नाही.

फ्लॅशचा पल्ला काढायला ‘गाइड नंबर’ नावाचा एक आकडा असतो. त्याला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे भिंगातल्या छिद्राच्या, आकड्याने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतल्या अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर १००च्या फिल्मवर साधारण १० ते १४ असतो. समजा ११ आहे आणि भिंग एफ २.८ पर्यंत उघडतं. भागाकार केला की जेमतेम ४ मीटर हाती येतात. फिल्म ४००ची घातली की पल्ला दुप्पट, म्हणजे ८. (चौपट का नाही, हे वरच्या परिच्छेदातच आहे.) तेव्हा १६ मीटरवरच्या नर्तकीला ४००च्या रोलवरही हव्या त्या उजेडाचा चौथाच हिस्सा मिळतो. उलट फ्लॅश बंद केला, श्वास रोखला आणि कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, तर रंगमंचाच्या दिव्यांवर ४००च्या फिल्मला एक तीसांश ते एक साठांश सेकंदात बरा फोटो मिळतो. नाचणारीच्या डोळ्यांवर झोत जात नाही, हा वेगळा फायदा. खरं तर तोच पहिला म्हणायला हवा.

आता कॅमेऱ्याला हे सगळं कसं कळतं? जुन्या कॉम्पॅक्टना जवळपास काहीच कळत नाही. आपल्याकडे घराघरांत पोचलेला कोडॅक केबी-१० घ्या. त्याचा फोकस ठरलेला, फ्लॅशचा जोर ठरलेला. समोरचा माणूस दीड ते तीन मीटरवर उभा राहिला तर ठीक, नाहीतर निगेटिव्हच्या सहनशीलतेवर भिस्त. ऑटोफोकसवाल्यांची युक्ती जास्त हुशार आहे. अंतर मोजून झालं की त्या अंतराला साजेसं अ‍ॅपर्चर कॅमेरा स्वतःच निवडतो. माणूस दीड मीटरवर असेल तर छिद्र लहान, चारवर असेल तर पूर्ण उघडं. फ्लॅशचा जोर तेवढाच, आत शिरणारा उजेड कमीजास्त. यातून एक गमतीदार दुखणं निघतं. फोकस चुकला की फोटो नुसता धूसर होत नाही, उजेडाचा हिशेबही बिघडतो. फ्रेमच्या मधोमध दोन माणसांमधली फट आली की कॅमेरा मागची लांबची भिंत मोजतो, छिद्र पूर्ण उघडतो आणि दोघंही पिठात लोळल्यासारखे दिसतात. उपाय जुनाच आहे : मधला चौकोन एकाच्या चेहऱ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा, मग फ्रेम हवी तशी सरकवा.

गोमती नगरात संध्याकाळी हटकून फोटो काढले जातात ती जागा म्हणजे आंबेडकर उद्यान, पुऱ्या नावाने डॉ. भीमराव आंबेडकर सामाजिक परिवर्तन प्रतीक स्थळ. तेव्हाच्या मुख्यमंत्री मायावतींनी १४ एप्रिल २००८ला ते लोकांसाठी खुलं केलं. राजस्थानी वालुकाश्माचं १०७ एकरांचं हे आवार आहे आणि दगडी हत्तींच्या रांगा ही त्याची ओळख. जानेवारी २०१२मध्ये विधानसभा निवडणुकीआधी निवडणूक आयोगाच्या आदेशावरून हे हत्ती (मायावतींच्या पक्षाचं चिन्हही हत्तीच) झाकून टाकले होते. तेव्हाचा रोल कुणाकडे असेल तर जपून ठेवावा.

दिवे लागल्यावर इथे ‘ऑटो’वर फोटो काढला की माणसं उजळतात आणि उद्यान नाहीसं होतं. मग तो फोटो छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवर काढला काय आणि लखनौला काढला काय, सारखंच. कारण फ्लॅश पेटणार म्हटल्यावर शटर फार वेळ उघडं ठेवायची कॅमेऱ्याला गरज वाटत नाही, आणि मागच्या दिव्यांचा उजेड फिल्मवर उमटायला तेवढा वेळ लागतो. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये यासाठी चांदणी किंवा चंद्राची खूण असलेला रात्रीचा मोड असतो. त्यात फ्लॅश पेटतो, पण शटर सेकंदभर किंवा त्याहून जास्त उघडं राहतं. फ्लॅश जवळच्या माणसाला गोठवतो आणि उरलेल्या वेळात मागचे हत्ती, खांब, दिवे सावकाश उमटतात. कॅमेरा कठड्यावर किंवा पायरीवर टेकवा, आणि समोरच्याला सांगा की चमक झाली तरी हलू नकोस. लोक चमक झाली की निघतातच. मग त्यांच्या अंगातून मागचे दिवे आरपार दिसतात, तेही कधीकधी बरं दिसतं.

यातही वेळ साधली तर निम्मं काम होतं. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश गडद निळं असतं, तेव्हा दगडाचा गुलाबीपणा, दिवे आणि फ्लॅशमधला चेहरा तिन्ही एकाच फोटोत बसतात. पुऱ्या काळोखात आकाश नुसतं काळं येतं. गुळगुळीत घोटलेल्या दगडासमोर किंवा मिठाईच्या दुकानाच्या काचेसमोर मात्र सरळ उभं राहून फ्लॅश मारू नका, झोत परत भिंगात येतो. दोन पावलं बाजूला सरका. काचेतून काही ऑटोफोकस कॅमेरे काचेचंच अंतर मोजतात, तिथे दूरच्या निसर्गदृश्याचा मोड लावावा.

आता माझ्या आवडीचा भाग. मे महिन्यातली दुपार, उन्हाने तापलेली फरशी, डोक्यावर टोपी किंवा ओढणी. चेहरा काळा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. इथे फ्लॅश मुद्दाम पेटवायचा, विजेच्या बाणाची खूण असते तो मोड. ‘ऑटो’ कधीच पेटवणार नाही, कारण त्याच्या मते उजेड भरपूर आहे. टोपीखालची सावली उघडते, डोळ्यांत एक बारीक ठिपका चमकतो आणि मागचं आकाश निळं राहतं.

या कामात कॉम्पॅक्ट कॅमेरा मोठ्या एसएलआरला मागे टाकतो. एसएलआरचं पडद्यांचं शटर जास्त वेगाला पूर्ण उघडत नाही, तिथे फक्त एक फट फिल्मवरून सरकत जाते. म्हणून सत्तरच्या दशकातल्या कित्येक एसएलआरना फ्लॅशसाठी एक साठांश सेकंदाची मर्यादा होती. भर उन्हात एक साठांश म्हणजे छिद्र अगदी बारीक करणं आलं, आणि बारीक छिद्र फ्लॅशचाही उजेड अडवतं. कॉम्पॅक्टचं पात्यांचं शटर भिंगापाशी असतं आणि दर वेगाला पूर्ण उघडतं. फ्लॅशची चमक साधारण एक सहस्रांश सेकंदातच संपते, त्यामुळे शटर झटपट मिटलं तरी तिचं काही जात नाही. वेग वाढवा, छिद्र जरा मोठं ठेवा, फ्लॅशला वाव द्या. तरीही दुपारी पल्ला आखडतोच : गाइड नंबर ११ आणि अ‍ॅपर्चर एफ ११, म्हणजे पुरता एक मीटर. सावली नुसती हलकी करायची असल्याने दीड मीटरपर्यंत चालतं. झाडाखाली एफ ४ असेल तर जवळजवळ तीन. थोडक्यात, माणसाच्या जवळ जा.

लखनौत एका गोष्टीवर फ्लॅश टाळा : चिकनचं भरतकाम. पांढऱ्यावर पांढरा दोरा, सगळी शोभा टाक्याच्या उंचवट्याच्या बारीक सावलीत. भिंगाला चिकटलेला फ्लॅश समोरून येऊन नेमकी तीच सावली पुसतो. अख्खा कुर्ता सपाट पांढरा होतो आणि कारागिराची मेहनत निगेटिव्हवर येतच नाही. खिडकीजवळ, बाजूच्या उजेडात उभं करा.

फ्लॅश भिंगाला चिकटलेला असण्याचं दुसरं फळ म्हणजे लाल डोळे. झोत बाहुलीतून आत जाऊन रक्ताने लाल असलेल्या पडद्यावरून तसाच परततो. आधी लुकलुकून बाहुली आक्रसायला लावणारा मोड असतो, पण त्यात खरा फोटो सेकंदभर उशिरा निघतो आणि तोवर मंडळी पांगलेली असतात. खोलीतला दिवा लावणं जास्त उपयोगी.

डिसेंबर-जानेवारीत मात्र इथे वेगळीच पंचाईत. गोमतीवरच्या ‘मरीन ड्राइव्ह’ला (मुंबईकरांनी हसू नये, संध्याकाळची गर्दी तितकीच असते) धुकं उतरलं की उजेड कमी होतो, ऑटो फ्लॅश पेटतो आणि भिंगासमोरचा प्रत्येक थेंब उजळून निघतो. फोटोत पांढरा पडदा आणि त्यावर गोल ठिपके. धुक्यात फ्लॅश बंद म्हणजे बंद. अडचण अशी की ऑलिंपसचा म्यू-२ आणि त्याच्यासारखे काही कॅमेरे झाकण मिटलं की तुमची निवड विसरतात आणि पुन्हा ‘ऑटो’वर येतात. दर वेळी झाकण उघडून बटण पुन्हा दाबायची बोटांना सवय लावावी लागते.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा असेल तर फ्लॅश दुकानातच तपासा. अंगचा फ्लॅश असलेल्या सुरुवातीच्या ३५ मिलिमीटर कॉम्पॅक्टपैकी एक, कोनिका सी३५ ईएफ, १९७५ सालचा आहे, म्हणजे काही नग पन्नाशी गाठलेले असणार. नव्या बॅटऱ्या घालून फ्लॅश सुरू करा, बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जाईल आणि तयारीचा दिवा लागेल. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा खूप वेळ लागतो, तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो कमी झाला तर काळजी नको. झाला नाही तर भाव पाडा किंवा परत ठेवा. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मात्र बसू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटऱ्या काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. सेलचा खण उघडून पाहायला हरकत नाही. तिथे हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ती कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून निघते.

पुढच्या आठवड्यात भिंगावरची बुरशी. ती व्हिनेगरने निघत नाही.